विषय: शाळेचा अभ्यास इन्स्टावर?

नमस्कार मंडळी,

जरा सल्ला हवाय. मुलगी १२ वर्षांची आहे. इतिहासाच्या टीचरनी सांगितलंय की प्रोजेक्टचं रील बनवा, इन्स्टाग्रामवर टाका, एकमेकांच्या रीलवर कमेंट करा आणि त्याला मार्कही आहेत. आता इन्स्टाचं अकाउंट काढायला कंपनीच्याच नियमाने १३ पूर्ण लागतात, मग अभ्यासासाठी जन्मतारीख खोटी टाकायची का? आत्तापर्यंत घरी नाही नाही म्हणून थोपवून धरलं होतं, आता ती ऐटीत सांगते की बघ, टीचरच म्हणतायत. टीचरना नकार कळवू का? की मीच फार जुन्या वळणाची झालेय?

– स.

---

उत्तर: शाळेचा अभ्यास इन्स्टावर?

स.ताई,

खोटी जन्मतारीख अजिबात नको, त्यात जुनं-नवं काही नाही. पण म्हणून सोशल मीडिया वर्गात नकोच असं सरसकट म्हणू नका, आयुष्यभर शाळेत शिकवलंय म्हणून सांगतो. पोरं तिथे जाणारच आहेत, आज नाही तर दोन वर्षांनी, आणि तिथे बघायचं कसं हे शिकवणारं कोण आहे? आपण मोठी माणसं तर आलेला प्रत्येक फॉरवर्ड पुढे ढकलतो!

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मिडल स्कूलच्या (साधारण सहावी ते आठवी) ८० टक्क्यांहून जास्त मुलांना 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात खरी बातमी वाटली होती. पुढे त्याच गटाने इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर (माहिती खरी की खोटी ते तपासणारे) यांना अनोळखी वेबसाइट दाखवल्या. प्राध्यापक मंडळी त्याच पानावर रेंगाळली, लोगो आणि मांडणी बघून बरीच फसली. फॅक्ट-चेकर पान फारसं वाचतच नव्हते, लगेच दुसरी टॅब उघडून ही माणसं कोण, पैसा कोणाचा हे शोधत होते. ही सवय नुसतं 'काळजी घ्या' सांगून लागत नाही, वर्गात बसून करून घ्यावी लागते.

– दे. काका

---

उत्तर: उत्तर: शाळेचा अभ्यास इन्स्टावर?

> वर्गात बसून करून घ्यावी लागते

काका, हे शंभर टक्के मान्य, पण त्याला मुलाचं अकाउंट कशाला लागतं? टीचरनी चार पोस्टचे स्क्रीनशॉट प्रिंट करून वाटले की झालं. फसवी पोस्ट ओळखायला शिकवणं वेगळं आणि मुलांनी तिथे अकाउंट काढून मार्क मिळवायचे हे वेगळं, ताईंच्या टीचरनी दोन्हीची खिचडी केलीये.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून त्या बाजूने सांगतो. धडा सगळ्या वर्गासमोर एकच असतो म्हणून त्यावर बोलता येतं, फीड, म्हणजे समोर एकामागून एक येणाऱ्या पोस्ट, प्रत्येकाला वेगळा आणि तो ठरवतो अल्गोरिदम, ज्याला फक्त पोरगं अजून किती वेळ थांबेल एवढ्याशीच मतलब. ताईंची मुलगी कमेंट करायला म्हणून आत जाईल आणि बोट सरकवलं की पुढचं रील चालू होईल, त्यात इतिहास नसेल. आणि लाइक्सचं काय? मेहनत करून केलेल्या प्रोजेक्टला चार आणि डान्स घातलेल्याला दीडशे, वर सगळ्या वर्गाला दिसतंय. कच्चा निबंध लिहिला तरी आपला पेपर निदान टीचरपुरता राहायचा. बाराव्या वर्षी केलेला बावळटपणा जगाने का बघावा? (माझा तर कोणीच बघू नये.)

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना मोठ्या सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी केली. शिक्षा मुलांना किंवा पालकांना नाही, दंड कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. बंदी किती टिकते ते बघू, पोरं वाटा काढतातच. पण त्यात युट्यूबचं अकाउंट बंद असलं तरी लॉगिन न करता व्हिडिओ बघता येतो, म्हणजे टीचर वर्गात लावू शकतात, आणि गूगल क्लासरूम बंदीतून वगळलंय. रेघ मला तिथेच मारावीशी वाटते: दाखवा, चर्चा करा, पण मुलाच्या नावाने खातं नको.

– नि.

---

उत्तर: उत्तर: उत्तर: शाळेचा अभ्यास इन्स्टावर?

नि., खातं नको हे पटलं, माघार घेतो. पण प्रिंट केलेला स्क्रीनशॉट म्हणजे कोरड्या जमिनीवर पोहणं. फीड हलतो कसा, एका व्हिडिओवर थांबलं की पुढचे दहा तसेच कसे येतात, हे कागदावर कसं दाखवणार? टीचरनी स्वतःचं नवं, कोरं खातं मोठ्या स्क्रीनवर उघडावं, मुलांनी सांगायचं कुठे थांबा, आणि आठवड्याभरात त्याचं काय होतं ते सगळ्यांनी बघायचं. अर्थात काय उगवेल त्याचा नेम नाही, म्हणून टीचरनी आधी बघून ठेवायचं. एवढा वेळ कुठल्या टीचरकडे असतो हा प्रश्न उरतोच.

– दे. काका

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: शाळेचा अभ्यास इन्स्टावर?

काका, नि., दोघांचे आभार. टीचरना लिहितेय की रील घरी बनवू, फाइल शाळेच्या पोर्टलवर देऊ, कमेंट वर्गात तोंडी होऊ देत, मार्क त्यावर द्या. भांडणाचा सूर नको म्हणून काकांची खात्याची कल्पनाही सुचवते.

मुलीला विचारलं, फक्त वर्गाने बघितलं तर चालेल ना, तर म्हणते, 'मग इतकं चांगलं कशाला करू?' यावर काय बोलायचं ते सुचलं नाही, कोणाला सुचलं तर कळवा. पत्राचा ड्राफ्ट रात्री दोघांना वेगळा पाठवते.

– स.