सक्सिनेट डिहायड्रोजिनेजचा प्रयोग फसतोय, परवा प्रॅक्टिकल आहे, मदत हवी

फ्लॉवरवाला: फ्लॉवरमधून मायटोकॉन्ड्रिया काढले, सक्सिनेट आणि डीसीपीआयपी हा निळा रंग घातला. एन्झाइमने सक्सिनेटचे इलेक्ट्रॉन त्याला दिले की निळा रंग उडायला हवा, तो उडतच नाही. एन्झाइम अडवणाऱ्या मॅलोनेटची नळी आणि साधी नळी सारखीच दिसतायत. काय चुकतंय?

बर्फाची लादी: तापमान? बफर? काहीच सांगितलं नाहीस की. उन्हाळ्यात मंडईतला फ्लॉवर मऊ पडलेला असतो, मोडाचे मूग घे. खलसुद्धा रात्रभर फ्रिजमध्ये. ०.३ मोलर मॅनिटॉल घातलेलं फॉस्फेट बफर, पीएच ७.२. वाटण गाळून सेंट्रिफ्यूजमध्ये ६०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट) १० मिनिटं, वरचं पाणी १०,००० जीला ३० मिनिटं, तळाला बसतो तो पेलेट, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया.

पेशीपंडित: मुगाचं राहू दे. ऑक्सिजनकडची वाट अडवणारं अझाइड नसेल तर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे निघून जाणार, रंगाच्या वाट्याला काय येणार?

 

 

फ्लॉवरवाला: अझाइड आहे, ०.०४ मोलर, अर्धा मिली. बफर मॅनिटॉलचंच, बर्फही होता. रंग उडत नाही म्हणजे, गुलाबीसर होतो. दोन्ही नळ्यांत.

पेशीपंडित: हे आधी सांगायचं ओ! आम्लात डीसीपीआयपी गुलाबी होतं. सक्सिनेट म्हणून सक्सिनिक ॲसिडच विरघळवलंस ना?

फ्लॉवरवाला: डबीवर तेच आहे. मॅलोनिकचंही तसंच.

पेशीपंडित: मग दोन्ही न्यूट्रल कर. १०० मिलीला ०.२ मोलर म्हणजे सक्सिनिक २.३६ ग्रॅम. त्याला सोडियम हायड्रॉक्साइड साधारण १.६ ग्रॅम लागतं. जरा कमीच घाल, उरलेलं पीएच मीटर बघत थेंबथेंब, ७.२ पर्यंत. आणि गुलाबी झालेल्या नळ्या हुंगू नकोस. आम्लात अझाइडचा विषारी वायू सुटतो. त्या सिंकमध्येही ओतायच्या नाहीत, तांब्या-शिशाच्या नळात स्फोटक क्षार साचतात. वेगळ्या बाटलीत ठेवून लॅबवाल्यांना सांग.

बर्फाची लादी: सक्सिनेट न घातलेली नळीही लाव. तिचाही रंग उडाला तर ते क जीवनसत्त्व, एन्झाइम नव्हे. पेलेट बफरने एकदा धुऊन घे.

शेंगाचटणी: मोडाच्या शेंगदाण्याचे मायटोकॉन्ड्रिया काढले तर? घरात पोतं आहे.

बर्फाची लादी: ते चटणीलाच ठेवा. वाटताना तेल सुटून वर थर धरतं, आणि मोडात तेलापासून सक्सिनेट बनवणारं ग्लायॉक्सिलेट चक्रही चालू असतं.

फ्लॉवरवाला: न्यूट्रल केलं. साधी नळी फिकी पडतेय, मॅलोनेटची अजून निळीच आहे. रंगाचं रीडिंग किती नॅनोमीटरच्या प्रकाशाला घेऊ?

पेशीपंडित: ६००. दर मिनिटाला.