हीट पंपाचे साडेसात हजार पौंड: पैसा चुकीच्या टप्प्यावर दिला जातोय का?

ओली_खिडकी (धागाकर्ता)

इंग्लंड आणि वेल्समध्ये घर तापवणारा गॅसचा बॉयलर काढून हीट पंप (विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र) बसवला की 'बॉयलर अपग्रेड स्कीम'मधून ७,५०० पौंड मिळतात. मे २०२२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला ५,००० आणि जमिनीतून उष्णता घेणाऱ्याला ६,००० होते. २३ ऑक्टोबर २०२३ पासून दोघांनाही ७,५०० झाले. वर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य. अर्ज घरमालक करत नाही, एमसीएस (या कामाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) असलेला इन्स्टॉलर ऑफजेमकडे (ऊर्जा नियामकाकडे) करतो आणि रक्कम कोटेशनमधून वजा करून दाखवतो.

माझा आक्षेप रकमेला नाही, ती कधी दिली जाते याला आहे. पंप सुरू झाला, कागद पूर्ण झाले की पैसे मोकळे. पुढची पंधरा वर्षं तो कसा चालतो हे कुणी विचारत नाही. योजनेत किमान एससीओपी २.८ हवा अशी अट आहे (एक युनिट विजेमागे वर्षभरात सरासरी किती युनिट उष्णता मिळते, तो हा आकडा), पण तो कागदावरचा. तुमच्या घरात मोजलेला नव्हे.

आता हिशेब बघा. वर्षाला १०,००० युनिट उष्णता लागणारं घर. गॅस युनिटला ६ पेन्स, वीज २६ पेन्स, बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के धरू.

गॅसवर: सुमारे ६८० पौंड, अधिक वर्षाचा स्थिर आकार साधारण ११० पौंड.
हीट पंप २.८ ने चालला तर: सुमारे ९३० पौंड.
४ ने चालला तर: ६५० पौंड.

म्हणजे तोच पंप, तेच अनुदान, आणि एका घराला वर्षाला दीडशेच्या आसपास भुर्दंड तर दुसऱ्याला तेवढीच बचत. तीही गॅसची शेगडी काढून जोडणी पूर्ण बंद केली तर. माझा प्रस्ताव: ४,००० बसवल्यावर द्या आणि उरलेले ३,५०० एका वर्षाने, उष्णतेच्या मीटरचं आणि विजेच्या मीटरचं रीडिंग बघून.

जुनाजाणता

असहमत. रीडिंग बघून पैसे देण्याचा प्रयोग या देशाने करून झालाय. घरगुती आरएचआय (अक्षय उष्णतेला प्रोत्साहन) योजना, एप्रिल २०१४ ते ३१ मार्च २०२२. पैसे सात वर्षं, दर तिमाहीला, अक्षय उष्णतेच्या युनिटमागे. ऐकायला छान. पण सुरुवातीचे दहा-बारा हजार पौंड घरमालकाने स्वतः उभे करायचे. ज्याच्या खात्यात ते आधीच पडून होते, त्यालाच ती योजना परवडली. शिवाय बहुतेक घरांत उष्णता मोजलीच जात नव्हती, ईपीसीवरच्या (घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावरच्या) अंदाजाने पैसे सुटायचे.

आणि तुमचे ३,५०० वर्षभर अडकणार कुणाचे? इन्स्टॉलरचे. या धंद्यात दोन-तीन माणसांच्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्या तेवढी जोखीम किमतीत घालून मोकळ्या होतील. घरमालकाने खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, थर्मोस्टॅट २४ वर नेला, तर त्याचा दंड प्लंबरने का भरायचा?

ओली_खिडकी

खिडकी उघडी ठेवली तर उष्णता जास्त लागेल, बिल वाढेल. उष्णता आणि विजेचं गुणोत्तर फारसं बिघडत नाही. मी गुणोत्तर मोजायला सांगतोय, बिल नाही.

पाईपवाला

खिडकीने नाही बिघडत, पण सवयीने बिघडतं. बॉयलरच्या सवयीने लोक रात्री बंद करतात आणि सकाळी सहाला १६ अंशांवरून २१ वर एका तासात न्यायला बघतात. मग पंप जास्तीत जास्त फ्लो तापमानावर (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तापमानावर) धावतो आणि गुणोत्तर आपटतं. त्यामुळे एका वर्षाच्या रीडिंगवरून दोष कुणाचा हे ठरवता येणार नाही. तरी ओली_खिडकींचं दुखणं खरं आहे. नेमकं काय बिघडतं ते लिहितो, मग अट कशाला लावायची हे आपोआप कळेल.

पहिली गोष्ट रेडिएटर. कॅटलॉगमधली क्षमता रेडिएटरच्या पाण्याच्या आणि खोलीच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरून दिलेली असते. पाणी ४५ ने आत जाऊन ४० ने बाहेर आलं आणि खोली २० ला असली, तर फरक उरतो साडेबावीस. क्षमता त्या प्रमाणात नाही, त्याहून जास्त घटते, साधारण ३५ टक्क्यांवर येते. उदाहरण घ्या: बेडरूम, बाहेर −२ अंश असताना तिला लागणार ६०० वॉट. खिडकीखाली ६०० गुणिले १००० मिमीचा एकपदरी के-वन, कॅटलॉगमध्ये सुमारे १,००० वॉट. ४५ च्या फ्लोवर तो देणार ३५०. खोली गार. त्याच जागेवर त्याच मापाचा दुपदरी के-टू लावला, कॅटलॉगमध्ये सुमारे १,७३०, तर मिळतात ६१०. काम झालं. भिंतीवर तेवढीच जागा, फक्त रेडिएटर थोडा पुढे येतो, पडदा वर घ्यावा लागतो. हा बदल टाळण्यासाठी काही इन्स्टॉलर डिझाइनच ५५ ला करतात. कोटेशन हजार-दीड हजाराने स्वस्त दिसतं आणि तुम्ही ते दरवर्षी विजेच्या बिलात फेडता.

दुसरी गोष्ट पाईप. जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्यात बॉयलर २० अंशांच्या फरकावर चालू शकतो, हीट पंप ५ च्या. ५ किलोवॅटला बॉयलरकडून मिनिटाला साडेतीन लिटर पाणी पुरतं, पंपाला साडेचौदा. चौपट पाणी त्याच नळीतून. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या घरांत १० मिमीची बारीक नळी फरशीखाली असते. दूरच्या खोल्या तापत नाहीत किंवा नळीतून सूं-सूं आवाज येतो. हे सर्व्हेत दिसायला हवं. दिसत नाही, कारण कुणी फरशी उचलत नाही.

तिसरी, मोठा पंप. 'थोडा मोठाच बसवू' ही बॉयलरच्या काळातली खोड. घराची गरज ५ किलोवॅट आणि पंप १२ चा. तो खाली साधारण ४ पर्यंतच उतरतो. बाहेर १० अंश असताना घराला सव्वादोन-अडीच लागतात. मग चालू, बंद, चालू, बंद. इंग्लंडचा बराचसा हिवाळा ५ ते १० अंशांतच जातो, −२ चे दिवस मोजके.

चौथी, बफर, म्हणजे पंप आणि रेडिएटर यांच्यामधली पाण्याची टाकी. चार नळ्यांचा बफर मध्ये घातला की जाणारं गरम आणि परतीचं कोमट पाणी मिसळतं. पंप ५० बनवतो, रेडिएटरला ४५ मिळतं. लहान घरात त्याची गरजच नसते. डीफ्रॉस्टसाठी (बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवायला) पाणी कमी पडत असेल तर परतीच्या नळीवर साधा व्हॉल्युमायझर (पाण्याचा साठा वाढवणारी टाकी) लावा.

म्हणून माझं मत: अनुदान ठेवा, आधीच द्या, पण डिझाइनच्या फ्लो तापमानाला बांधा. ४५ किंवा कमी असेल तर पूर्ण ७,५००, ५५ असेल तर निम्मं. हा आकडा खोलीवार उष्णता-हानीच्या तक्त्यात असतोच, तो अर्जासोबत मागा.

हिशेबनीस

तुम्ही सगळे नळ्यांत अडकलात. धाग्यातल्याच आकड्यांनी बघा: गॅसची उष्णता ६.८ पेन्सला पडते, वीज २६ ला. म्हणजे बरोबरीला यायलाच ३.८ लागतात, स्थिर आकार वाचला तर ३.३. वीज २० पेन्सवर आणा, हेच आकडे २.९ आणि २.५ होतात. मग ५५ ला डिझाइन केलेलं सुमार कामही तरून जातं. हीट पंपासाठीचे स्वस्त तासांचे दर आहेत, दुपारी आणि पहाटे सिलिंडर (गरम पाण्याची टाकी) तापवून घेतला की सरासरी खाली येते. सरकारने वर्षानुवर्षं अक्षय ऊर्जेचा भार विजेच्या बिलावर टाकला, गॅसवर जवळपास नाही. तो उतरवा. एका घराला साडेसात हजार देण्यापेक्षा सगळ्यांची वीज स्वस्त करा. माझा संशय असा की कोटेशन अनुदानाच्या आकड्याभोवतीच तयार होतं, खर्चाभोवती नाही.

जुनाजाणता

वीज स्वस्त व्हावी हे मान्य. पण ज्याचा बॉयलर जानेवारीत बंद पडलाय त्याला अडीच-तीन हजारांत उद्याच्या उद्या नवा बॉयलर मिळतो. हीट पंपाला बारा. वीज कितीही स्वस्त करा, हे अंतर तो कशाने भरणार? आरएचआयचा धडा हाच.

कोथरूडकर

बाहेरून विचारतोय: आमच्या इन्व्हर्टर एसीला हीट मोड असतो, तो हाच ना? मग एवढा खर्च कसला?

पाईपवाला

यंत्र तेच, हो. तुमचा एसी थेट हवा तापवतो. इथल्या घरांत पाण्याचे रेडिएटर असतात आणि आंघोळीचं पाणीही त्याच पंपाने तापवायचं असतं. खर्च १८० ते २५० लिटरच्या सिलिंडरचा, रेडिएटर बदलण्याचा आणि मजुरीचा. पंप स्वतः निम्म्याहून कमी.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतला अनुभव जोडतो. फेडरल टॅक्स क्रेडिट होतं खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर. ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं. त्यात मेख अशी की ज्याचा कर भरायचा शिल्लकच नाही त्याला काही मिळत नव्हतं, परतावा नव्हता. उलट राज्यांमार्फत जाणाऱ्या योजनेत भागातल्या मध्यक (बरोबर मधल्या घराच्या) उत्पन्नाच्या ८० टक्क्यांखालच्या घराला हीट पंपासाठी ८,००० पर्यंत, १५० टक्क्यांपर्यंत निम्मा खर्च. ब्रिटनमध्ये लंडनच्या हॅरोचा बॅंकर आणि उत्तरेकडच्या बर्नलीचा पेन्शनर, दोघांना सारखेच ७,५००. यावर कुणीच बोललं नाही.

तिसरा_मजला

आणि फ्लॅटवाल्यांवरही नाही. लीजहोल्ड (भाडेपट्ट्याच्या) फ्लॅटमध्ये बाहेरचं युनिट लावायला फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) लेखी परवानगी लागते. मे २०२५ पासून इंग्लंडमध्ये हद्दीपासून एक मीटरची अट गेली आणि स्वतंत्र घरांना युनिटचं आकारमान १.५ घनमीटरपर्यंत चालतं, पण आवाजाचा नियम आहेच, आणि फ्रीहोल्डरचं 'नाही' कुठल्याच नियमाने जात नाही. कर मात्र आम्हीही भरतो.

ओली_खिडकी

उत्पन्नाचा मुद्दा पटला. पाईपवाल्यांची फ्लो तापमानाची अट माझ्या मीटरपेक्षा बरी, हेही मान्य. फक्त तक्त्यात ४५ लिहायचं आणि कंट्रोलरवर ५५ ठेवायचं, हे कोण पकडणार?

पाईपवाला

सुपूर्त करताना वेदर कॉम्पेन्सेशनच्या कर्व्हचा (बाहेरच्या तापमानानुसार फ्लो किती ठेवायचा त्या सेटिंगचा) फोटो अर्जात मागा, बाहेर −३ ला किती आणि १५ ला किती. दोन आकडे आहेत, खोटं लिहिलं तर घरमालकाच्या भिंतीवरच्या कंट्रोलरवर दिसतं.

ज्यांचं काम येत्या महिन्यांत आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी, भांडण बाजूला ठेवून. हवेवरच्या पंपाचं अनुदानाचं व्हाउचर ३ महिनेच चालतं, जमिनीतल्याचं ६. शेजाऱ्याच्या केबलवरून तुमची वीज येत असेल, म्हणजे लूप सप्लाय, तर ती सोडवायला नेटवर्क कंपनीला वेळ लागतो. मीटरपेटीतल्या मुख्य कटआउटमध्ये दोन जाड केबल शिरताना दिसल्या तर आधी त्यांना कळवा, मगच व्हाउचरचा अर्ज. उलट क्रमाने केलंत तर मुदत संपते आणि इन्स्टॉलर तुमच्याकडे पूर्ण रक्कम मागतो.

आणि पंप आधीच बसला असेल, बाहेर ५ अंश असताना फ्लो ५० दिसत असेल आणि घर व्यवस्थित उबदार असेल, तर कर्व्ह दोन अंशांनी उतरवा, दोन दिवस थांबा, परत दोन. जी खोली पहिल्यांदा गार पडेल तिथला रेडिएटर बदला, बाकीच्यांना हात लावू नका.

हिशेबनीस

हे सगळं करूनही २६ पेन्स ते २६ पेन्सच.