मायक्रोलाइटच्या परवान्यानंतर कमर्शिअल पायलट : सल्ला हवा आहे

घोडबंदरकर :
नमस्कार. मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो. वय २७, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित होते, सध्या एका कारखान्यात डिझाइन विभागात नोकरी करतो. गेल्या वर्षी मायक्रोलाइटचा (अगदी हलक्या, छोट्या विमानाचा) परवाना मिळाला आणि लॉगबुकात ६२ तास जमले आहेत. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून घरात रोज हाच विषय निघतो. आणखी शंभरेक तास मायक्रोलाइटवरच कमी खर्चात उडवून मग कमर्शिअल परवान्याकडे (पगारी वैमानिकाच्या) वळावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का, आणि नोकरी केव्हा सोडावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खारघरवासी :
हा हिशेब मला पटत नाही. कमर्शिअल परवान्यासाठी डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला) २०० तास लागतात हे खरे, पण त्यांत १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून, २० तास क्रॉस कंट्रीचे, म्हणजे दूरच्या विमानतळांपर्यंतच्या उड्डाणांचे (त्यात ३०० सागरी मैलांचे एक उड्डाण), १० तास इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न पाहता फक्त उपकरणांवर, आणि ५ तास रात्रीचे असावे लागतात. मायक्रोलाइट फक्त दिवसा आणि बाहेर पाहूनच उडवायचे असल्यामुळे शेवटचे दोन प्रकार तिथे कधीच भरणार नाहीत. आपले ६२ तास किती धरले जातील, हे फ्लाइंग स्कूलकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्या. तोवर नवे तास विकत घेऊ नका.

सवयींचाही प्रश्न आहे. साडेचारशे किलोच्या मायक्रोलाइटचा वेग थ्रॉटल बंद करताच पडतो, म्हणून जमिनीजवळ येईपर्यंत पॉवर ठेवायची सवय माझ्या हाताला लागली होती. तेच मी अकराशे किलोच्या सेस्ना १७२ या प्रशिक्षण विमानावर केले आणि विमान टेकायचे नाव न घेता तरंगत अर्धी धावपट्टी ओलांडून गेले. ती खोड मोडायला बरेच लँडिंग खर्ची पडले.

ऐरोलीकर :
वरील मताशी सहमत. मात्र आडव्या वाऱ्यात पाय रडरवर (शेपटीवरच्या सुकाणूच्या पेडलवर) जागे ठेवायची शिस्त मायक्रोलाइटनेच लागते, ती वाया जात नाही.

राजीनाम्याआधी क्लास वन मेडिकल (कमर्शिअल परवान्याला लागणारी वैद्यकीय तपासणी) करून घ्या, कारण तिथे अडले तर पुढचा खर्चच टळतो. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे पेपर, प्रत्येकी ७० टक्के गुण लागत असले तरी, नोकरी सांभाळून निघतात; माझा निम्मा अभ्यास ठाणे-वाशी लोकलमध्ये झाला. नोकरी सोडायची ती हे पेपर पास झाल्यावर, आणि शक्यतो पावसाळा संपताना. मी फ्लाइंग स्कूलमध्ये ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये दाखल झालो, संपूर्ण फी आधीच भरली होती, आणि पाच विमानांपैकी दोनच उडत होती. म्हणून हप्त्यांनी भरा आणि हँगरमध्ये स्वतः जाऊन विमाने मोजा. एअरलाइनसाठी टाइप रेटिंगचा (विशिष्ट मोठ्या विमानाच्या वेगळ्या प्रशिक्षणाचा) खर्च वेगळा येतो, तोही आजच बाजूला मांडा.

घोडबंदरकर :
मनापासून आभार. मला चष्मा आहे, त्याने अडेल का?

ऐरोलीकर :
चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत असेल तर सहसा अडत नाही. रंगदृष्टी मात्र आधी तपासून घ्या.