ओळखी कशा वाढल्या, माणूस म्हणून काय बदललं? तुमचे अनुभव लिहा

जुळे_सोलापूरकर
आज सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला इंटरव्ह्यूला निघाले. कुर्डुवाडी गेल्यावर समोरच्या सीटवरचा मुलगा मांडीवर फाइल उघडून तोंडातल्या तोंडात स्वतःची ओळख पाठ करत होता. त्याला बघून माझं सेकंड इयर आठवलं, म्हणून गाडीतूनच हा धागा काढतेय.

तेव्हा एका कंपनीचे साहेब कॉलेजात बोलायला आले होते. भाषण संपल्यावर सगळी मुलं त्यांच्याभोवती, मी खांबाशी उभी. प्रश्न लिहिलेली चिठ्ठी हातात होती, घामानं तिची शाई पसरली. ते गाडीत बसून गेले. त्या रात्री लिंक्डइनवर चाळीस अनोळखी लोकांना एकच मजकूर पाठवला, "सर, ओपनिंग असेल तर कळवा." एकाचंही उत्तर आलं नाही. लै रडले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीच्या शेजारच्या काकांचा चादरीचा कारखाना बघायला गेले, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मागावर जेकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) चढवलेलं, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ एकेक पुठ्ठा पुढे सरकत फिरत होती. काका कानाशी येऊन ओरडून म्हणाले, "भोक असलं की दोरा वर उचलतो, नसलं की खालीच राहतो." मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी! एक आणि शून्य माझ्यासमोर विणले जात होते. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये निघालेली युक्ती, आणि मी तिच्याच चादरी पांघरून मोठी झाले.

तासभर प्रश्न विचारले. भीती वाटलीच नाही, कारण काही मागायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. निघताना काकांनी आपणहून इचलकरंजीच्या एका दादांचा नंबर दिला, ते कॉम्प्युटरवर जेकार्डची डिझाइनं करतात. त्यांच्याकडे उन्हाळ्यात दोन महिने शिकले. आजचा इंटरव्ह्यू त्यांच्याच ओळखीतून. तुमचं कसं झालं?

कडकभाकरी
ऑल द बेस्ट गं!! इंटरव्ह्यू झाला की लगेच लिही इथं.

विजापूर_वेस
आमच्या घरी तेलुगू. आजोबा विणकर. शाळेत पोरं चिडवायची म्हणून मी चारचौघांत तेलुगू बोलायचं सोडलं होतं. हैदराबादच्या कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, मी इंग्रजीत अडखळायलोय, तेवढ्यात मागनं आजी तेलुगूत जेवायला हाक मारली. समोरचे साहेब हसले आणि तेलुगूत विचारले, "सोलापूरला तेलुगू कसं काय?" मग पद्मशाली समाज इकडं कसा आला, माग कसे आले, ते सगळं सांगितलो. त्यानंतर तांत्रिक प्रश्नांची उत्तरं धडाधड यायला लागली. आता दर शनिवारी त्यांना फोन असतो. आजीला अजून वाटतं नोकरी तिच्या हाकेनं लागली. मलाही तसंच वाटतं.

शेंगाचटणी
@विजापूर_वेस आजीला नमस्कार सांगा. डोळ्यात पाणी आलं. आमच्या घरी कन्नड, आमचंही असंच.

सात_रस्ता_०७
हुतात्मा आज वेळेवर आहे का? भाऊ त्याच गाडीत आहे, फोन लागेना.

जुळे_सोलापूरकर
@सात_रस्ता_०७ हो दादा, दौंड आत्ताच गेलं.

पाटी_पेन्सिल
मी शिकवते, म्हणून थोडं लिहिते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली यावर लिहिलं आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यांनी विचारलं, ज्यानं नोकरीचं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे १७ टक्क्यांहूनही कमी निघाले, अधूनमधून भेटणारे निम्म्याहून जास्त. जवळच्या मैत्रिणींना बहुतेक तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. लांबची माणसं दुसऱ्या वर्तुळात वावरतात, नवी बातमी तिकडून येते. मावशीच्या शेजारचे काका म्हणजे नेमकी तशी ओळख. मुलींनो, लग्नात, गड्ड्याच्या जत्रेत भेटलेल्या माणसांना नुसतं "काय करता?" एवढं विचारत जा. वर्गात मी हे दरवर्षी सांगते, आणि खांबाशी उभी राहणारी मुलगी कुठं आहे ते आता आधी बघत जाईन.

कडकभाकरी
मॅडम 🙏 मीपण त्याच खांबाशी उभी असते अजून.

पाटी_पेन्सिल
@कडकभाकरी एकच प्रश्न ठरवून जा बाळा, आणि तो त्यांच्या कामाबद्दलचा असू दे. पहिल्या रांगेत बस, म्हणजे उठून जायला अंतर कमी पडतं.

आईची_लेक
घाईत लिहिते, कुकर लावलाय. माझी आई बिड्या वळते. कॉलेजात कोणी विचारलं की विषय बदलायचे. मागच्या वर्षी एका ताईंना खरं सांगितलं, त्यांनी पाठीवर हात ठेवला, त्यांच्या आईचंही तेच काम होतं. त्यांनीच माझा रेझ्युमे तीनदा तपासून दिला. शिट्टी झाली, येते.

शेंगाचटणी
@आईची_लेक आईला आमचाही नमस्कार.

विजापूर_वेस
त्या कारखान्यात पुठ्ठ्याचं जेकार्ड अजून चालू आहे? आजोबांना दाखवायचं आहे. कधीपासून म्हणायलेत, एकदा माग बघायचा.

जुळे_सोलापूरकर
@विजापूर_वेस हो, दोन माग आहेत अजून. आत्ता पुणे स्टेशन आलं, उतरते. काकांना संध्याकाळी फोन करून विचारते. आजोबांना पायऱ्या चढता येतात ना?

विजापूर_वेस
हळूहळू येतात. मी धरतो की त्यांना.