नाताळला घर भरतं तेव्हा: तुमच्या घरचे अनुभव लिहा

नाताळ म्हटलं की मला केकच्या आधी कापूस आठवतो. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. आबाजी धरून पाच भाऊ, त्यांची पोरं, सुना, नातवंडं, पुण्या-मुंबईहून येणारे असे सगळे मोजले तर मागच्या वर्षी आम्ही 43 जण होतो आणि घर म्हणजे तीन खोल्या, एक सपरी (ओसरी) न मागचा गोठा. त्यातली एक खोली कापसानं भरलेली, कारण डिसेंबरात भाव पाहत थांबावं लागतं, लगेच कोणी विकत नाही. मग पोट्टे झोपणार कुठे, तर त्या ढिगावरच. रात्रभर खाज सुटते, सकाळी आई खोबरेल तेल चोपडते, पण त्या थंडीत जी ऊब मिळते ती मला नंतर कुठल्याच रजईत मिळाली नाही.

गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, आम्ही विकत आणत नाही. तुराट्यांचा सांगाडा, वर तणस, खाली वावरातली काळी माती. आगमन काळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी मोठी आई परातीत गहू पेरते, नाताळपर्यंत तो वीतभर होतो, तेच आमचं बेथलेहेमचं शेत. बाळ येशूची मूर्ती मात्र वर्षभर आजीच्या लोखंडी पेटीत असते, 24 च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामीच. पहिल्या वेच्यातला ओंजळभर कापूस आजी वेगळा काढून ठेवते, आणि त्या रात्री सगळे तयारीत असताना ती कोपऱ्यात बसून एकेक सरकी बोटानं काढते. घाई नाही, बोलणं नाही. मग तो कापूस बाळाखाली अंथरते. लहानपणी मी विचारलं होतं, आजी गवत का नाही, तर म्हणाली, "आपुन कापसावर निजतो, मंग त्याले काऊन गवतावर निजवाव?"

तुमच्याकडे कसं असतं ते लिहा. माणसं कुठे झोपली, कोणी रांधलं, काय बिघडलं, सगळं चालेल.

अमरावतीकडची लेक

आमच्याकडे एका फादरला सहा-सात गावं, त्यामुळे मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मध्यरात्री होईलच असं नाही, आमचा नंबर कधी संध्याकाळी 7 ला लागतो आणि फादर तसेच पुढच्या गावाला निघतात. पण आम्ही घरी बारापर्यंत जागतो, जपमाळ म्हणतो, बाराला घरातल्या सगळ्यात लहान लेकराच्या हातानं बाळ येशू ठेवतो. अमरावती धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा भाग, झाला 1955 ला, त्याच साली आमच्या आजीचं लग्न झालं म्हणून तिला साल पक्कं लक्षात आहे. ती सांगते तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे, गावातल्या बायकांना एक शब्द कळायचा नाही तरी त्या गुडघ्यावर असायच्या. 1962 ते 65 ची व्हॅटिकन परिषद, म्हणजे रोममधली कॅथलिक बिशपांची मोठी सभा, झाली आणि नंतर मिस्सा मराठीत आली. पहिल्यांदा आपल्या भाषेत 'हे आमच्या बापा' ऐकलं तेव्हा आपली सासू ढसाढसा रडली असं ती दरवर्षी सांगते, दरवर्षी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो.

एका वर्षी 22 तारखेला गावची विजेची डीपी जळली. फोन करून थकलो, कोणी आलं नाही, आठ दिवस लाईट नव्हती. काकांनी कुठून तरी जुनी गॅसबत्ती शोधून आणली, गायनाला माईक नाही, फक्त पेटी न टाळ. तसं गाणं मी परत ऐकलं नाही.

राजुऱ्याहून

मी मराठी, सासर मल्याळी. सासरे 40 वर्षांपूर्वी नोकरीसाठी बल्लारपूरला आले न इथलेच झाले. हे लोक सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या जुन्या परंपरेचे कॅथलिक, इथला चांदा (चंद्रपूर) धर्मप्रांतही त्यांचाच, त्यामुळे 1 डिसेंबरपासून नाताळपर्यंत मांस-मच्छी बंद. माझ्या माहेरी असं काही नव्हतं, पहिल्या वर्षी फार जड गेलं. पण 24 च्या मिस्सेनंतर पहाटे सासूबाई अप्पम न मटण स्ट्यू वाढतात तेव्हा त्या पहिल्या घासाचं मोल कळतं. दोन्ही घरची मिळून 30 माणसं जमतात, मी सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) करते, आता ती झाल्याशिवाय सासऱ्यांचा नाताळ होत नाही.

वर्धा जिल्हा

आम्ही हिंदू, शेजारचं घर कॅथलिक. दिवाळीला आमच्या फराळाचं ताट तिकडे जातं आणि नाताळला तेच ताट करंज्या, चिवडा न केक घेऊन परत येतं. मधले दीड-दोन महिने ताट त्यांच्याकडेच राहतं, कोणी मागत नाही. बस एवढंच सांगायचं होतं.

मोठ्या घरची सून

मला थोडं वेगळं लिहायचं आहे. सगळे आठवणी सांगतात, पण चुलीपाशी कोण असतं ते पण लिहा. आमच्याकडे 14 सुना. 24 ला दिवसभर करंज्या, अनारसे, दुसऱ्या दिवशीच्या गावरान कोंबड्याचं वाटण, भाकरीचं पीठ, आणि गायन सुरू झालं तरी आम्ही दोघी-तिघी कढईपाशीच. लग्नानंतरची सात वर्षं मी ख्रिस्तजन्माची मिस्सा सुरुवातीपासून एकदाही ऐकली नव्हती, ख्रिस्तप्रसादापुरती धावत जायची, हाताला तेलाचा वास. मग एका वर्षी मोठ्या जाऊबाईंनी झारा खाली ठेवला, म्हणाल्या, "येशू जन्मला तवा मरियेनं करंज्या नव्हत्या तयल्या. चला व सगळ्याजणी." आणि आम्ही 14 जणी रांगेनं गेलो. सासरे काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनीच पोरांना घेऊन 23 लाच सगळं तळून घेतलं, आणि 25 चं जेवण आता पुरुष रांधतात, रोडगे न वांग्याची भाजी. मी पहिल्या ओळीत बसते.

आईकडून मेळघाटी

मावशी चिखलदऱ्याजवळ मरियमपूरला असते. तिथली थंडी म्हणजे हात बाहेर निघत नाही. मिस्सेनंतर शेकोटी, ढोल न बासरी, कोरकू नाच, म्हाताऱ्यापासून पोरांपर्यंत सगळे. आमचा नाताळ 6 जानेवारीला तीन राजांच्या सणापर्यंत चालतो, गव्हाणी तोवर काढत नाही.

अमरावतीकडची लेक

पहिल्या पोस्टवाल्या दादा, गहू नेमका कसा पेरता? आमचा दरवर्षी पिवळा पडतो.

धागा काढणारा

ताई, रात्रभर भिजवून मग पेरा, वर मातीचा पातळ थर, आणि कोंब आला की परात सपरीत उजेडात आणा, आत अंधारात राहिला की पिवळा पडतो. पाणी ओतू नका, हातानं शिंपडा. न हो, आजीची बोटं आता चालत नाहीत, मागच्या वर्षी सरकी माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं काढली. तीन राहिल्या होत्या आत, आजीनं चाचपून पाहिलं न म्हणाली, राहू दे.