‘टर्नओव्हर नंबर’ : उलाढाल की फेरे?

रंकाळा : प्रकाशाच्या मदतीनं पाण्यातून ऑक्सिजन काढणाऱ्या रुथेनियम संयुगांवर मराठीत लिहितोय. ‘टर्नओव्हर नंबर’ला ‘उलाढाल संख्या’ चालेल का? आपल्या मार्केट यार्डात उलाढाल म्हटलं की गुळाचे रुपयेच डोळ्यांसमोर येतात.

काहिल : ‘फेरे’ म्हणा. उत्प्रेरकाचा एक रेणू पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन नि चार प्रोटॉन काढतो, ऑक्सिजनचा एक रेणू सोडतो आणि पुन्हा मूळ रूपात येतो. हा झाला एक फेरा. १० मिली द्रावणात १० मायक्रोमोलर (लिटरला १० मायक्रोमोल) उत्प्रेरक म्हणजे ०.१ मायक्रोमोल. त्यातून ५ मायक्रोमोल ऑक्सिजन निघाला, तर फेरे ५०. ‘उलाढाल’मध्ये हे मूळपदावर येणं दिसतच नाही.

रंकाळा : पटलं. आणि इलेक्ट्रॉन घेऊन संपून जाणाऱ्या रसायनाला ‘सॅक्रिफिशियल’ म्हणतात, त्याला ‘बलिदानी’?

काहिल : नको दादा, फार जड होतं. ‘खर्ची पडणारा’ लिहा. गुऱ्हाळात रसात भेंडीचं पाणी घालतात, ते मळी धरून वर येतं आणि मळीबरोबरच काढून टाकतात. सोडियम परसल्फेटचं तसंच. उजेडानं उत्तेजित झालेल्या रुथेनियम-बायपिरिडीनकडून (हे उजेड शोषणारं संयुग, उत्प्रेरक वेगळा) ते इलेक्ट्रॉन घेतं आणि त्याचं सल्फेट होतं. परत येत नाही. म्हणून फेऱ्यांना मर्यादा पडते. ५ मिलिमोलर परसल्फेट असेल तर वरच्या १० मिलीत ५० मायक्रोमोल, प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे ऑक्सिजन जास्तीत जास्त २५ मायक्रोमोल, फेरे २५०. त्याहून जास्त आकडा आला तर आधी गळती शोधा. बाहेरची १ मिली हवा आत शिरली तरी सुमारे ८.६ मायक्रोमोल ऑक्सिजन येतो, म्हणजे वरच्या ५ पेक्षा जास्तच! रबरी बूच सुईनं वारंवार टोचलं की हेच होतं.

पंचगंगा : त्या उजेड शोषणाऱ्या संयुगाला, म्हणजे ‘फोटोसेन्सिटायझर’ला, ‘प्रकाशसंवेदक’ मात्र टाळा, वाचणाऱ्याला सेन्सर वाटतो. ‘प्रकाशग्राही’ बरा. आणि उत्प्रेरकाला विरजणाची उपमा देऊ नका. विरजणातले जिवाणू वाढतात, उत्प्रेरक वाढत नाही.

काहिल : बरोबर. ‘रेण्वीय उत्प्रेरक’ (ज्यात सुटा रेणूच काम करतो) हा शब्दही तपासूनच वापरायचा. कोबाल्टच्या काही संयुगांत लिगंड (धातूला जोडलेला रेणू) तुटतो, कोबाल्ट ऑक्साइडचे बारीक कण होतात आणि काम तेच करतात. प्रयोगानंतर द्रावणात प्रकाश विखुरण्यावरून (लाइट स्कॅटरिंग) कण दिसतात का, ते बघा. दिसले, तर मूळ संयुगाच्या नावावर फेरे मांडता येत नाहीत.

रंकाळा : मग फेऱ्यांसोबत बफरही (पीएच टिकवून धरणारं द्रावण) लिहायला हवा ना? फेऱ्यामागे चार प्रोटॉन सुटतात.

काहिल : हो, प्रमाणासकट. बफर अपुरा पडला की पीएच उतरतो, फेरे मंदावतात आणि उत्प्रेरक मेला असं वाटतं. पीएच आधीही मोजा, नंतरही.