प्रतिसाद: गुडघ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया

वर एका ताईंनी विचारलंय, आईचा गुडघा झिजलाय, दुर्बिणीने आतून साफ करून घ्यावा का? निर्णयाआधी अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अभ्यासाचा विषय डॉक्टरांपुढे जरूर काढा. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. हाडांचे सर्जन ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज असलेल्या १८० जणांचे तीन गट केले. काहींचा सांधा साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि उरलेल्यांना फक्त त्वचेवर छेद दिले. पेशंटला शंका येऊ नये म्हणून पाण्याचा आवाजसुद्धा केला! (रीतसर संमती घेऊनच.) दोन वर्षं पाहिलं, दुखण्यात तिन्ही गटांत फरक नाही. त्यामुळे आधी मांडीचे व्यायाम आणि वजन याकडे बघा. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.